पाण्याच्या पाळीने पाहिलेलं बेट

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं मदेइरा बेटावर बारा दिवस राहून आलो. मुलगा लिस्बनला शिकतो, सुट्टी काढून तोही आला होता. परतल्यापासून बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "तिथे लोकलसारखं फिरायचं तर कुठे जायचं? गर्दीला ठाऊक नसलेल्या जागा सांगा ना." फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते, पण जागांची यादी देणार नाही. तिथला माणूस सकाळी जागा बघायला निघत नाही, कामाला निघतो. त्याची कामाची वाट कुठून जाते ते शोधा, एवढंच मला सांगायचंय. मदेइरात ती वाट पाण्याच्या कडेने जाते.

अटलांटिक महासागरात, लिस्बनच्या नैर्ऋत्येला साधारण हजार किलोमीटरवर हे पोर्तुगालचं बेट आहे. लांबी ५७ किलोमीटर आणि रुंदी जेमतेम २२, पण मधोमध उभा असलेला पिकु रुइवु १,८६२ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही दोनशे मीटरने जास्त. ईशान्येकडून येणारे वारे या डोंगरांना धडकतात आणि ढग उत्तरेला रिकामे होतात. दक्षिण बाजू मात्र उन्हाची. बहुतेक वस्ती, केळीच्या बागा, ऊस, द्राक्षं सगळं दक्षिणेला, आणि पाणी उत्तरेला. माझं माहेर साक्री तालुक्यातलं. सह्याद्रीच्या पलीकडे धो धो कोसळणारा पाऊस आणि आमच्याकडे कोरडं आभाळ, हे बघत मी मोठी झाले. त्यामुळे विमानतळावरून येताना मुलाने नकाशावर बेटाचे हे दोन भाग दाखवले तेव्हा मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

उत्तरेचं पाणी दक्षिणेला आणण्यासाठी त्या लोकांनी पंधराव्या शतकापासून डोंगरांच्या अंगाने पाट खोदले. त्यांना ते लेवादा म्हणतात. कुठे हातभर रुंद, कुठे त्याहून जास्त, उतार इतका हलका की पाणी चालतंय की थांबलंय ते पान टाकून बघावं लागतं. कितीतरी ठिकाणी ते कड्याच्या पोटातून जातात, आणि ते खोदणारे दोरीला बांधलेल्या टोपलीत बसून कड्यावर लोंबकळत काम करायचे असं तिथे सांगतात. सुरुवातीचे पाट मुख्यतः उसासाठी होते, आणि त्यांच्यावर राबलेल्यांत आफ्रिकेतून आणि कॅनरी बेटांवरून धरून आणलेले गुलामही होते. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत हे फार कमी दिसतं. मला ते प्रत्येक पाटाच्या तोंडाशी लिहिलेलं असावं असं वाटतं. ज्या वाटेवरून आपण हौसेने चालतो, ती कोणाच्या हातांनी झाली ते चालणाऱ्याला माहीत असायला हवं.

आम्ही राहिलो ते पोंता दो सोल या गावाच्या वर, लोंबादा नावाच्या वस्तीत. पोंता दो सोल म्हणजे सूर्याचं टोक, आणि नावाप्रमाणे तिथे ऊन भरपूर. या लोंबादात एकेकाळी जुआँव एश्मेराल्दु नावाच्या बड्या जमीनदाराची उसाची जहागीर होती. आता डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत. त्यांना पोयु म्हणतात. काळ्या दगडाचे बांध रचून, मागे माती भरून केलेले चिंचोळे तुकडे, काही तर आपल्या ओसरीएवढे. आमच्या घरमालकीण आजींचे असे पाच तुकडे होते. तीन तुकड्यांत केळी, एकात रताळी आणि शेवटच्यात भाजीपाला. केळी बुटकी, आमच्या खानदेशातल्या जुन्या बसराईच्या जातकुळीतली. रावेरची सून असल्याने मी घड मोजत उभी राहिले, आणि आजींना वाटलं मला केळी हवीत. त्यांनी लगेच फणी कापून दिली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो असताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका तारखेभोवती निळ्या पेनाने गोल दिसला, आणि बाजूला वेळ लिहिलेली, पहाटे चार दहा ते पाच वीस. डॉक्टरकडे जायचंय का, असं मुलाकरवी विचारलं. त्या म्हणाल्या, "आग्वा." म्हणजे पाणी. त्यांची पाळी.

मग तासभर आमचं बोलणं पाण्यावरच झालं. पाळीला तिकडे जिरु म्हणतात. पाटाचं पाणी सोडणारा माणूस लेवादेइरु. काही पाट सरकारचे, तर काही हिस्सेदारांचे. त्या हिस्सेदारांना एरेउश असा शब्द आहे, आणि पाण्याचा हक्क तासांत मोजतात. बाप गेला की जमिनीबरोबर पाण्याचे तासही मुलांत वाटले जातात. मुलगा भाषांतर करत होता, पण पुढे पुढे त्याची वाट न बघताच मी मान हलवत होते. माझे आजोबा पांझरेच्या काठी काही वर्षं पाटकरी होते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, म्हणजे एकत्र भिजणाऱ्या शेतांचा गट, आणि फडात सगळ्यांचं एकच पीक, ही आमच्याकडची काही शतकं चालत आलेली पद्धत. पाटकऱ्याने पाणी द्यायचं, जागल्याने राखण करायची, शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. मोबदला धान्यात. मी आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांना एकच गोष्ट पटेना, स्वतःच्या शेतातल्या पाण्याला हात लावायचा नाही ही. त्यांच्याकडे लेवादेइरु पाणी तुमच्या शेताच्या तोंडापर्यंत आणतो, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. "माझ्या केळीला किती हवं ते त्याला काय माहीत?" असं त्यांनी विचारलं. आजोबा असते तर त्यांनी उत्तर दिलं असतं. मला सुचलं नाही.

त्या दिवसापासून माझं बेट बघणं बदललं. लेवादांच्या कडेने जाणाऱ्या अरुंद पायवाटांवर आज जगभरातून लोक चालायला येतात, आणि चालण्यासारख्या त्या आहेतच. पाणी सोबतीला, चढउतार जवळजवळ नाही, वरच्या भागात तर लॉरेलचं असं जंगल की धुक्यातलं पाणी पानांवर धरून थेंबथेंब खाली सोडतं. या जंगलाला १९९९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. पाटांना वर्षभर पाणी राहतं त्यात या पानांचा वाटा मोठा आहे. पण या वाटा चालण्याच्या हौसेसाठी बांधलेल्या नाहीत. पाटाची देखभाल करणाऱ्याला पाटाबरोबर जाता यावं म्हणून त्या आहेत. एका सकाळी लेवादेइरु समोरून आला, खांद्यावर कुदळ, पायात गमबूट. आमच्या पुढचा घोळका फोटो काढत वाटेतच उभा. तो कड्याच्या बाजूने, जिथे कठडाही नव्हता, त्यांना वळसा घालून गेला आणि पुढच्या जाळीपाशी बसून अडकलेली पानं काढू लागला. पानांबरोबर दोन प्लास्टिकच्या बाटल्या निघाल्या. त्याच पाटात एकजण बूट काढून पाय बुडवून बसला होता.

मला याचा राग आला, आणि अजून आहे. ते पाणी खाली कोणाच्या तरी चार दहाच्या पाळीचं असतं. बाहेरून येणाऱ्यांना तिथल्या अधिकृत पायवाटांसाठी आता पैसे भरावे लागतात, त्याबद्दल कुरकुर करणारे भेटले. मला ते पैसे योग्य वाटतात. तिकीट काढून देवळात जाणाराही चपला बाहेर काढतोच ना. इथेही तेवढं करावं. समोरून कामाचा माणूस आला तर डोंगराच्या बाजूला अंग चोरून त्याला वाट द्यावी, पाण्यात काही टाकू नये, पाय तर नाहीच. पाऊस झाला असेल आणि वाट बंद असल्याची पाटी असेल तर परत फिरावं. २० फेब्रुवारी २०१० ला या बेटावर झालेल्या पावसात ओढे फुटून आणि दरडी कोसळून चाळीसहून अधिक माणसं गेली. तिथले लोक आभाळाकडे ज्या नजरेने बघतात ती नजर आपण मानली पाहिजे.

गाडी आम्ही भाड्याने घेतली नाही. बसने हिंडलो. जुन्या रस्त्याने जाणारी बस प्रत्येक वळणावर थांबते. कोणाच्या हातात रताळ्यांची पिशवी, कोणी दवाखान्यातून येणारी, ड्रायव्हरला सगळ्यांची नावं माहीत. नव्या रस्त्यावर बोगद्यामागून बोगदे आहेत, वेळ वाचतो पण दिसत काही नाही. ज्यांच्याकडे तीनच दिवस आहेत त्यांना बस जमणार नाही हे मी मान्य करते. मग तीन दिवसांत अख्खं बेट उरकण्याचा हट्ट सोडावा आणि एकच खोरं नीट बघावं.

खाण्याबद्दलही सांगते. रताळं घालून केलेला, गरम दगडावर भाजलेला जाड पाव मिळतो, बोलु दु काकु. त्याला लसणाचं लोणी लावतात. मक्याचं पीठ घट्ट शिजवून, थापून, वड्या पाडून तळतात, त्याला मिल्यु फ्रितु म्हणतात. आपल्या कोथिंबीरवडीसारखं तंत्र आणि पूर्वी गरिबाघरचंच अन्न. कामरा द लोबुश गावचे कोळी रात्री हजार-हजार मीटर खोल गळ सोडून एश्पादा नावाचा काळा, लांब, अक्राळविक्राळ दातांचा मासा काढतात. तो केळं घालून वाढतात. मी मासे खात नाही. ह्यांनी तीनदा खाल्ला. तिथलं पाव आणि बटाटा हे शब्द कानावर आले की मला दर वेळी आपल्या मंडईत असल्यासारखं वाटे. पोर्तुगिजांनी ते शब्द आपल्याकडे आणले हे शाळेत शिकले होते, पण तिथल्या भाजीवालीच्या तोंडून 'बताता' ऐकणं वेगळं.

गोव्याच्या मित्रमंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. बेटाची राजधानी फुंशाल, तिथल्या कॅथेड्रलमध्ये गेलात तर वर बघा, बेटावरच्याच लाकडाचं कोरीव छत आहे. १५१४ मध्ये स्थापन झालेल्या या फुंशालच्या धर्मप्रांताच्या कक्षेत पोर्तुगिजांची सगळी दर्यापारची भूमी येत होती, आणि गोव्याला स्वतःचा बिशप मिळाला तेव्हाही सुरुवातीची काही वर्षं त्याच्यावर फुंशालचा आर्चबिशप होता. म्हणजे ओल्ड गोव्याच्या घंटांचा कारभार या एवढ्याशा बेटाशी जोडलेला होता. आणि मदेइराच्या प्रसिद्ध वाइनची पिंपं जहाजात भारासाठी भरून हिंदुस्थानापर्यंत यायची आणि परत जायची. वाटेतल्या उष्म्याने ती जास्त चांगली मुरते असं लक्षात आलं, तेव्हा अशा फेरी करून आलेल्या वाइनला वेगळं नावच पडलं, विन्यु दा रोदा.

रविवारी डोंगरात जा. तिथली कुटुंबं त्या दिवशी वरच्या जंगलालगतच्या मोकळ्या जागांत जातात. दगडी चुली बांधून ठेवलेल्या असतात. लॉरेलच्या काठीला मांस ओवून भाजतात, म्हातारी माणसं पत्ते खेळतात. आम्ही आमचा डबा घेऊन कडेला बसलो होतो. कोणी बोलावलं नाही तोवर फोनही काढला नाही. थोड्या वेळाने एका मुलीने येऊन ताटलीत पाव आणून दिला. मी दशम्या दिल्या.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. आजींचा नातू फुंशालला नोकरी करतो आणि त्याला तिथे परवडेल असं घर मिळत नाही. जी घरं आहेत ती आमच्यासारख्यांना रात्रीच्या हिशेबाने जातात. लोकलसारखं राहायचं म्हणून आपण वस्तीतलं घर घेतो आणि त्यापायी तिथला पोरगा वस्तीबाहेर जातो. म्हणून मी यापुढे जिथे मालक स्वतः त्याच घरात राहतो अशीच खोली घेणार आहे, नाहीतर सरळ हॉटेल. पूर्ण उत्तर हे नाही हे मला कळतं. पण निदान आपण राहतो ते घर कोणाचं, आपण नसतो तर तिथे कोण असतं, हे विचारून बुकिंग करावं.

कॅलेंडरवरचा निळा गोल आमच्या शेवटच्या दिवसावर होता. आदल्या रात्री मी आजींना विचारलं, "मी येऊ का?" त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं आणि गमबूट काढून दिले. पहाटे चारला आम्ही दोघी बॅटरी घेऊन पायऱ्या चढलो. मुलगा झोपला होता, त्यामुळे भाषा नव्हतीच. वरच्या बांधाशी जाऊन उभ्या राहिलो. चारी, म्हणजे शेतात पाणी नेणारा छोटा पाट, कोरडी होती. खाली समुद्रावर दोन-तीन होड्यांचे दिवे होते, बाकी सगळं काळं. आजींनी हात वर केला, ऐक म्हणून. आधी आवाज आला, कोरड्या पाचोळ्यावरून काहीतरी सरपटत येतंय असा. तो आवाज मला माहीत होता. सात-आठ वर्षांची असताना आजोबांबरोबर दारं धरायला, म्हणजे शेतात पाणी वळवायला, गेले होते तेव्हा कंदिलाच्या उजेडात तो ऐकला होता. मग पाणी आलं, पुढे फेस आणि पानं ढकलत. आजींनी चारीच्या तोंडाशी चिंध्या आणि माती घालून पाणी पहिल्या पोयुत वळवलं. केळीच्या बुंध्यांभोवती ते फिरलं, मातीने ते पिताना येतो तो वास आला.

पहिला तुकडा भरत आला तसं त्यांनी कुदळ माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या तुकड्याच्या बांधाकडे बोट केलं. मी दार फोडलं. त्या म्हणाल्या, "देवागार." एवढा शब्द मला बारा दिवसांत पाठ झाला होता. हळू.