कैरीची तीन मापं कशासाठी?

सर, झाडावरच्याच कैऱ्यांची लांबी, रुंदी, जाडी वेळोवेळी मोजत जा, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं असं: हापूस तयार झाला की नाही हे जाणता गडी खालूनच सांगतो, मग झाडावरच्या कैऱ्यांना कॅलिपर, म्हणजे दोन जबड्यांत धरून माप घ्यायचं साधन, लावणं हे रिकामपणाचे उद्योग. वजनच हवं तर दर आठवड्याला दहा कैऱ्या काढून काट्यावर टाका.

पहिलं मान्य. खांदे भरले, देठाशी खळगा पडला की फळ चौदा आणे, म्हणजे काढणीजोगं झालं, हे नजरच सांगते. कॅलिपर तयारी मोजत नाही, वाढ मोजतो.

पण काट्याचं तसं नाही. या आठवड्याच्या दहा कैऱ्या वेगळ्या, पुढच्या आठवड्याच्या वेगळ्या. त्यात गळ चालूच असते आणि गळतात त्या बहुधा मागे पडलेल्या, बारीक. त्या गेल्या की उरलेल्यांची सरासरी आपोआप चढते. एकही कैरी गुंजभर वाढली नसली तरी वहीत वाढ दिसते! खूण बांधून तीच ती फळं मोजली, की गळलेल्या फळाची मागची मापंही हिशेबातून काढता येतात.

आता वजन. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा आणि त्याला 0.52 ने गुणायचं. लंबगोलाच्या घनफळात पाय (π) भागिले सहा येतो, तोच हा आकडा. कैरीची घनता पाण्याच्या आसपास, म्हणून घनसेंटिमीटरचे साधारण तेवढेच ग्रॅम. 9, 7.5 आणि 7 चं फळ सुमारे 245 ग्रॅम. हापूस काही नेमका लंबगोल नसतो, तेव्हा काढणीला त्याच फळांचं वजन करून आपल्या बागेचा गुणक बसवून घ्यावा. तो तोतापुरीला लावायला जाऊ नका, तिची चोच हिशेब बिघडवते.

'हात लावला की फळ गळतं' हेही तुम्ही लिहिलंय. देठाला पीळ बसला तर गळेलच. फळ तळहातावर पेलायचं, ओढायचं नाही. कॅलिपर सालीला टेकला की पुरे, आवळला तर कोवळ्या सालीवर वळ उठतो. आणि मोजायचं ते सकाळीच. दुपारच्या उन्हात फळ किंचित आक्रसतं, रात्री पुन्हा भरतं. एकदा सकाळी आणि एकदा दुपारी मोजलंत तर वाढ उणेसुद्धा येईल.

तुम्ही न काढलेली एक अडचण मात्र खरी आहे. जुन्या उंच कलमांवर हाताला लागतात ती खालची, सावलीतली फळं. शेंड्याची राहून जातात. तिथे शिडीला पर्याय नाही.