लग्न करून द्या, येईल ताळ्यावर

मागच्या आठवड्यात एका साखरपुड्यात (कुणाच्या ते सांगत नाही) एक ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, तुमच्या मुलाच्या व्यसनाचं कळलं हो, आमच्याकडे पण तसंच आहे, पण हे म्हणतायत या तिथीला उरकून टाकू लग्न, जबाबदारी पडली की येईल ताळ्यावर. आजूबाजूला सगळी माणसं, मला काहीच बोलता आलं नाही. घरी आल्यापासून नीट झोप नाही म्हणून हे लिहितेय.

ताई, आम्ही पण हेच करणार होतो.

माझा मुलगा आता 29 चा आहे. पुण्यात नोकरी होती, मग वर्क फ्रॉम होम म्हणून नाशिकला घरी आला. दोन-दोन रात्री जागा असायचा, मग दोन दिवस मेल्यासारखा झोपायचा, जेवायला बोलावलं तर भूक नाही, गाल आत गेलेले, आणि सारखे दात आवळून धरायचा. आम्हाला वाटलं कामाचा ताण. आमच्या पिढीला व्यसन म्हणजे दारू, तोंडाला वास आला की कळतं. हा घ्यायचा एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचा नशेचा पदार्थ, तिला तसा वासच नसतो हो. पांढरी पावडर, नाकाने ओढली की झालं, बाथरूममध्ये दोन मिनिटं. सरकारने 2015 मध्येच ती अमली पदार्थांच्या यादीत टाकली, पण मला ते नावही माहीत नव्हतं. 2024 च्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या एमआयडीसीत शेकडो किलो एमडी पकडली ती बातमी मी सकाळी चहा पिताना यांना वाचून दाखवली, आणि तो आतल्या खोलीत होता.

कळल्यावर आम्ही काय केलं? झाकलं. त्याच्या ऑफिसला मी स्वतः फोन करून डेंग्यू झालाय म्हणून सांगितलं. माझ्या बांगड्या बँकेत ठेवून त्याची उधारी फेडली, एकदा नाही, तीनदा. दर वेळी तो पाया पडून रडायचा आणि दर वेळी मला ते खरं वाटायचं. खरं म्हणजे त्या क्षणी ते खरंच असायचं, हे मला फार उशिरा कळलं, तो नाटक करत नव्हता, पण तलफ आली की त्याच्या हातात काही राहायचं नाही.

मग नणंदबाईंनी स्थळ आणलं. सिन्नरकडची मुलगी, बी.फार्म झालेली, मेडिकलमध्ये कामाला, वडील एसटीतून रिटायर झालेले. आम्ही बघायला गेलो. त्या दिवशी हा छान दाढीबिढी करून आला होता, मलाच वाटलं बघा सुधारला. पोहे झाले, चहा झाला आणि मुलीच्या आईने विचारलं, मुलाला काही सवयबिवय? सगळेच विचारतात तसं. आणि आमचे हे म्हणाले, छे हो, सुपारीचं खांडसुद्धा नाही. मी मान डोलावली. मी!! ती मुलगी कप गोळा करता करता त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, एवढंच म्हणाली, तुमची झोप झालेली दिसत नाही.

रात्री त्यांचा फोन आला, पसंत आहे. पहाटेपर्यंत मी जागी होते आणि सकाळी हे दूध आणायला गेले तेव्हा मी त्या मुलीच्या वडिलांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ती कालच म्हणत होती त्यांना बरं नाहीये का म्हणून. आणि ठेवला फोन.

घरात काय झालं ते सगळं नाही लिहीत. नणंदबाई वर्षभर बोलल्या नाहीत. यांनी चार दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. मुलाने मोबाईल आपटून फोडला, दोन दिवस घरी आला नाही, ते दोन दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. पण त्या फोननंतर मला खोटं बोलता येईना. ऑफिसशी बोलायचं तर तूच बोल म्हटलं, पैसे बंद म्हटलं, जेवायला ये, झोपायला ये, दवाखान्यात चल, उपचाराला लागतील तेवढे पैसे आहेत. दीड महिन्याने तोच म्हणाला, चल.

मी डी.एड.ला होते तेव्हाची गोष्ट, 1986 साली येरवड्याला अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पुलं आणि सुनीताबाईंनी त्यासाठी देणगी दिली. तेव्हा गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं, थैमान होतं. अवचटांचे लेख वाचून मला वाईट वाटायचं, पण हे मुंबई-पुण्याकडचं, आपल्या घरातलं नाही असं पक्कं डोक्यात. चाळीस वर्षं होत आली आणि आपण अजून लग्न हेच औषध म्हणतोय.

अहो त्या मुलीने काय करायचं? डॉक्टर, समुपदेशक, सगळे मिळून जे करतात तेही चुकतं कधी, ते तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरीने पोळ्या करता करता करायचं? तिचं सोनं जाणार, तिचा पगार जाणार आणि नाही सुटलं तर आपणच म्हणणार बायकोला नवरा सांभाळता आला नाही. आणि एमडी सोडली की दारूसारखे हातपाय थरथरत नाहीत म्हणून घरच्यांना वाटतं सुटली. खरा त्रास मनाचा असतो. उदासी, थकवा, कशातच रस नाही, जिवाचं बरंवाईट करायचे विचार, आणि तलफ तर महिनोन्महिने. त्यात हळद, वरात, कर्ज, नवीन माणूस. माझा मुलगा नीट उपचार घेऊनही सातव्या महिन्यात एकदा घसरला. तेव्हा घरात सून असती तर?

अजून एक, पोलिसांची भीती असेल तर, अमली पदार्थांच्या कायद्यात (एनडीपीएस) कलम 64अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला तर थोड्या मालाच्या, सेवनाच्या गुन्ह्यात त्याला संरक्षण मिळू शकतं, वकिलाला विचारा. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाईन नंबर आहे, फुकट आहे, आईवडिलांनी केला तरी चालतो. आणि केंद्र बघताना मारहाण, कोंडून ठेवणं, साखळ्या असलं काही दिसलं तर उलट पावली परत या, नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर रोज येतात का विचारा.

आता अकरा महिने झालेत. दर शनिवारी तो व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगला जातो, मी आणि हे पालकांच्या गटाला जातो. नणंदबाई आता बोलतात, परवा परत एक स्थळ घेऊन आल्या होत्या. मुलगाच म्हणाला, आत्या, आत्ता नाही, आणि जेव्हा बघेन तेव्हा पहिलं मी सांगणार, मग पोहे.

ताई, माझा नंबर तुमच्या बहिणीकडे आहे. पत्रिका छापायला टाकायच्या आधी एक फोन करा, संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते.