डावं चाक मागे, उजवं पुढे

काल संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीला ओळंबा लावण्यात आला. गवंडी भिंतीला लावतो तोच, पितळी, टोकदार, दोरीसकट. लावणारे सी विंगचे काका. बघायला वॉचमन, इस्त्रीवाला, क्रिकेट अर्धवट टाकून आलेली पोरं आणि एक अनोळखी बाई. त्या बाईंनी माझ्याकडे करुणेनं बघत विचारलं, "इन्शुरन्सवाले आलेत का हो?"

प्रकरण थोडक्यात असं. गाडी जुनी हॅचबॅक. पुढचे शॉकअप गळायला लागले होते, तेव्हा ओरिजिनल न घेता गाडी इंचभर उचलणारं बाजारातलं किट आणलं. गॅरेजवाल्यानं उघडल्यावर "बुशपण गेलेत साहेब, क्रॉस मेंबर खाली घ्यावा लागेल" म्हणून तेही उरकलं. बुश म्हणजे सांध्यांतले रबर आणि क्रॉस मेंबर म्हणजे पुढच्या चाकांचे दांडे जिला जोडलेले असतात ती आडवी लोखंडी चौकट. गाडी घरी आली ती उंच, ऐटबाज आणि फोटोला एक पाय पुढे टाकून उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखी. डावं चाक मडगार्डच्या कमानीत मागे सरकलेलं, उजवं पुढे.

गाडी उचलायची हौस कशाला, असं विचारणाऱ्यांनी एकदा आमच्या गल्लीत यावं. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं 1988 साली गतिरोधक कसा असावा ते छापून ठेवलंय. रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, गोलाई 17 मीटर त्रिज्येची, म्हणजे ताशी 25 किलोमीटरनं गाडी सुखानं पार व्हावी. आमच्याकडे कोणीतरी नळाच्या पाइपासाठी रस्ता खणतो, उरलेली खडी त्यावरच रचून जातो आणि महिन्याभरात त्याला पांढरे पट्टे मारले जातात. झाला गतिरोधक. त्यावरून गाडी नेताना खालून जो खर्रर्र आवाज येतो, तो पोटात कुठेतरी पैशाच्या पाकिटाजवळ लागतो. त्या आवाजाची तक्रार कोणाकडे करायची, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

असो. चाकाबद्दल गॅरेजवाल्याचं उत्तर तयार होतं. "कमान वाकडी असते साहेब, कंपनीतूनच. चाक बरोबर आहे." किट विकणारा नाना पेठेतला दुकानदार म्हणाला, किट बरोबर आहे, फिटिंग बघा. गॅरेजवाला म्हणाला, फिटिंग बरोबर आहे, किट बघा. अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांची दिशा जुळवणाऱ्या, पोरानं चारही चाकांना मापाच्या चकत्या लावल्या, टायरॉड म्हणजे स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणारे दांडे पिळले आणि पडद्यावर सगळं हिरवं करून दाखवलं. मी म्हटलं, अरे पण चाक मागे आहे. तो म्हणाला, "हिरवं आलंय ना?" दोन चाकांत पुढेमागे किती फरक आहे, हेही ते मशीन सांगू शकतं. पण ते पान उघडायला पोराला वेळ नव्हता, कारण मागे रांग होती. गाडी मात्र मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग जरा सैल सोडलं की डावीकडे निघायची.

तर काका. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त झालेले. म्हणजे तिथून निवृत्त झाले, इन्स्पेक्शनमधून नाही. मी लिफ्टकडे निघालो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तुझं डावं चाक मागे आहे."

"माहितीये काका."

"किती?"

"थोडं."

"थोडं?" काकांनी चष्मा खाली घेतला. "थोडं हे एकक कधीपासून झालं?"

इथेच मी फोन आल्याचं नाटक करायला हवं होतं. पण काका वर गेले आणि पिशवी घेऊन खाली आले. पिशवीत स्टीलची टेप, दोन ओळंबे, खडू, स्पिरिट लेव्हल आणि हवा मोजायचं मीटर. पुढच्या दोन्ही टायरांत हवेचा फरक निघाला, त्यावर एक छोटं भाषण झालं. मग लेव्हल फरशीवर ठेवली. बुडबुडा गटाराच्या दिशेनं पळाला.

"ही जागा चालणार नाही. गाडी तिकडे घे."

तिकडे म्हणजे बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या जागेत. ते ऑफिसातून यायची हीच वेळ. मी तसं म्हटलं. काका म्हणाले, "त्यांना मी सांगतो." गाडी हलवली. "स्टिअरिंग सरळ कर. सरळ. अरे, सरळ म्हणजे सरळ, तुझ्या मनातलं सरळ नको." मग गाडी पुढे-मागे ढकलायला लावली, स्प्रिंग बसाव्यात म्हणून. ढकलली मी आणि इस्त्रीवाल्यानं, काका सूचना देत होते. दरम्यान जागेचे मालक आले. हॉर्न वाजवला. काकांनी त्यांना हातानं थांबवून सांगितलं, "माप चाललंय." ते खरोखर इंजिन बंद करून उतरले आणि बघत उभे राहिले! मी तीच जागा पाहुण्यांसाठी दहा मिनिटं मागितली होती, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर नियमावली टाकली होती याच गृहस्थांनी.

पहिलं माप कमानीच्या पुढच्या कडेला ओळंबा सोडून, तिथून चाकाच्या मध्यापर्यंत. एक मुलगी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होती. डावं 371 मिलिमीटर, उजवं 362.

"नऊ," मी म्हणालो.

"गप्प बैस. हे कमानीपासून झालं. कमानीवर विश्वास कोणी ठेवायला सांगितला तुला?"

मग चारही चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या फुल्या झाल्या. पुढच्या फुलीपासून मागच्या फुलीपर्यंत टेप. डावीकडे 2,386, उजवीकडे 2,394. काकांनी ती टेप पुन्हा लावायला लावली. वॉचमनच्या हाताला घाम येतो म्हणून टोक जागेच्या मालकांना धरायला दिलं. आकडे तेच आले.

काका उठले, गुडघे झटकले आणि निकाल दिला.

"गॅरेजवाला कमान वाकडी म्हणतो ना? आहे. एक मिलिमीटर. बाकीचे आठ त्याचे."

टाळ्या पडल्या. माझ्या गाडीत दोष सापडला म्हणून इतके लोक इतके खूश झालेले मी पहिल्यांदाच बघत होतो. एका पोरानं विचारलं, "काका, माझी सायकल बघता?" एवढ्यात सेक्रेटरी आले आणि सगळं ऐकून माझ्याकडे वळले. "पण गाडी अशी उचलणं कायद्यात बसतं का? मोटार वाहन कायदा, कलम 52. सुप्रीम कोर्टानंही 2019 मध्ये सांगितलंय, मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करायचा नाही."

हे गृहस्थ गेटसमोरच्या त्या ढिगाऱ्यावरून रोज स्कूटर नेतात आणि रोज शिव्या देतात. माझा इंच त्यांना कलमासकट ठाऊक. तो ढिगारा कुठल्या कलमात बसतो, असं मी विचारलं. ते म्हणाले, विषय वेगळा आहे. विषय नेहमी वेगळाच असतो. घासणारी गाडी माझी, उचलल्याचा गुन्हा माझा आणि खडी टाकून गेलेल्याचा पत्ता सोसायटीला, वॉर्ड ऑफिसला, कोणालाच माहीत नाही.

आज सकाळी वहीचं ते पान घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मागच्या बाजूला लसावि-मसावि होते, ते गॅरेजवाल्यानं आधी वाचले. मग पान उलटलं. "हे कोणी काढलं?" मी काकांबद्दल सांगितलं. तो काही बोलला नाही, गाडी लिफ्टवर घेतली. क्रॉस मेंबरचे बोल्ट सैल केले, पहार लावून एक दणका दिला, पुन्हा आवळले. बोल्टांच्या भोकांत जराशी ढिलाई असतेच. आवळताना घाई केली की क्रॉस मेंबर तिरका बसतो आणि एक चाक मागे, दुसरं पुढे जातं. त्याच्या पोरानं चहा आणायच्या आत काम झालं. म्हणजे पहिल्या दिवशीच झालं असतं, चहाच्याही आत.

मग बिल आलं. "चाक सेटिंग, लेबर 1,200." खाली बारीक अक्षरात, अलाइनमेंट वेगळं.

मी म्हटलं, "तुमचंच फिटिंग तिरकं होतं ना?"

"फिटिंग बरोबर होतं साहेब."

"मग आत्ता सैल काय केलंत?"

"ते तुम्ही सांगितलं म्हणून."

"आणि बाराशे कसले?"

"सांगितलेल्या कामाचे."

मी वर बघितलं. गाडी लिफ्टवर होती, चारही चाकं हवेत, आणि लिफ्टचं बटण त्याच्या हाताशी. पैसे दिले.