केप्लरचा मंगळ आणि आमच्या मामाचा

फॅमिली ग्रुपवर जुंपली होती. मामेबहिणीला मंगळ निघाला म्हणून एक चांगलं स्थळ परत गेलं, मी इथून स्टुटगार्टमधून नेहमीप्रमाणे नाक खुपसलं, तर मामाने टाकलं, "अरे तुमच्या जर्मनीतला केप्लर पण पत्रिका करायचा, तो काय येडा होता का?"

पंचाईत अशी की मामा खोटं बोलत नव्हता. केप्लर म्हणजे ग्रहांच्या कक्षांचं कोडं सोडवणारा चारशे वर्षांपूर्वीचा खगोलशास्त्रज्ञ. ऑस्ट्रियात ग्राझला असताना तो वार्षिक कॅलेंडरात भाकितं छापायचा, १६०८ साली वालेनस्टाइन या सेनापतीची पत्रिका केली ती तर प्रसिद्धच आहे. थोडं पोटासाठी, कारण पुढे ज्या बादशहाच्या दरबारी गणिती झाला त्याच्याकडचा पगार कायम थकलेला, आणि थोडं त्याला खरंच वाटायचं की ग्रहांचा माणसावर काहीतरी परिणाम होतो. आपल्यातले पुरोगामी लोक हे सांगायचं टाळतात, मला ते काही पटत नाही.

पण मंगळाचंच बोलायचं तर पूर्ण बोलू ना. टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं आकाश बघून केलेल्या नोंदी हातात आल्यावर हा माणूस वर्षानुवर्षं मंगळाच्या कक्षेशी झटत बसला, वर्तुळ धरून केलेलं गणित जवळपास जुळलं पण होतं, फरक राहिला फक्त ८ मिनिटांचा. घड्याळातली मिनिटं नाही, कोनाची, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव. दुसऱ्या कोणी "चालतंय की" म्हणून सोडलं असतं. याने टायकोच्या नोंदींवर भरवसा ठेवला, स्वतःचं गणित मोडीत काढलं आणि शेवटी लंबवर्तुळावर आला, ते १६०९ ला छापलं.

आणि आपल्याकडे? २००८ मध्ये नारळीकर, दाभोलकर वगैरेंनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांकडे ओळखायला दिल्या, २७ जणांची उत्तरं आली, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. छापाकाटा केला असता तर बरं. त्यानंतर कोणी स्वतःचं गणित मोडीत काढल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

मागच्या रविवारी एस-६ लोकल पकडून त्याच्या जन्मगावी, वाईल डेर श्टाटला गेलो. वाटेत लेओनबर्ग लागतं. इथेच १६१५ मध्ये त्याच्या आईवर चेटकीण असल्याचा आळ आला, का तर तिने दिलेलं काहीतरी प्यायल्यावर ओळखीची एक बाई आजारी पडली म्हणे. १६२० ला अटक, चौदा महिने कैद, सत्तरी ओलांडलेली म्हातारी साखळदंडात. केप्लर ऑस्ट्रियातल्या लिंझहून धावत आला, कोर्टात एकेक आरोप खोडत बसला, ती १६२१ ला सुटली आणि सहा महिन्यांत गेली. जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे २०१३ ला आला, तो पण दाभोलकरांचा खून झाल्यावर.

आणि हो, इथले लोक फार शहाणे असं समजू नका, ऑफिसात माझी रास विचारून झालीये आणि होमिओपॅथीच्या गोळ्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळतात. फक्त राशीवरून कोणाचं लग्न मोडलेलं मी अजून बघितलं नाही.

चौकातल्या पुतळ्याचा फोटो आणि वरचं सगळं ग्रुपवर टाकलं. दोन तासांनी मामाचा मेसेज, "जन्मवेळ मिळेल का?"

मिळाली. २७ डिसेंबर १५७१, दुपारचे अडीच. पठ्ठ्याने स्वतःच लिहून ठेवलीये.