के-ड्रामा बघून कॅज्युअल्टीत येणाऱ्यांसाठी काही नम्र सूचना

मंडळी, मी एका सरकारी हॉस्पिटलात मेडिसिनला जेआर वन आहे, म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट, शिकाऊ डॉक्टर. सिस्टर जिच्यावर ओरडतात, सर जिच्यावर ओरडतात, लॅबवाले जिचा फोन उचलत नाहीत आणि पेशंटचे नातेवाईक जिला बघून 'मोठ्या डॉक्टरांना बोलवा' म्हणतात, ती मी. तर हल्ली लोक जे काही रोमँटिक बघून आमच्याकडे येतायत ते पाहता कुणीतरी त्यांना नीट मार्गदर्शन करायला हवं असं फार वाटायला लागलंय. आणि न बघता बोलतेय असं समजू नका, हे के-ड्रामा, म्हणजे कोरियन सिरीज, मी पण बघते, तुकड्यातुकड्यांत. सव्वा तासाचा एक भाग मला आठवडाभर पुरतो. हिरोने हात धरला की वॉर्डातून कॉल येतो, काम उरकून परत यावं तर त्याने हात धरलेलाच असतो, कारण तिकडे हात धरला की तो तीन अँगलने दाखवल्याशिवाय पुढे जायची पद्धत नाही. आमच्यासाठीच केलेली सोय म्हणायची.

सगळ्यात आधी विसरभोळेपणाचं बघू. जुलै २०२५ मध्ये 'सैयारा' आला, त्यात बावीस वर्षांच्या हिरोइनला अल्झायमर होतो, आणि थिएटरात लोक इतके रडले की हाताला सलाईन लावून पिक्चर बघायला आलेल्या एका पोराचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. (इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची शिरेतली नळी, कुणी लावली आणि बाटली संपल्यावर बंद कोण करणार होतं, हे मला अजून कळलेलं नाही.) तेव्हा तुमची मुलगी स्कूटीची किल्ली कुठे ठेवली ते विसरली असेल तर बिलकुल वेळ घालवू नका, येताच एमआरआय मागा. झोप किती होते, बी ट्वेल्व्ह कधी तपासलं, थायरॉइड केलंय का, परीक्षा जवळ आलीय का, असल्या फालतू चौकशा करणाऱ्या पोरीला सरळ सांगा की तुला काही येत नाही. अल्झायमर पासष्टच्या आत झाला तरी आम्ही त्याला लवकर झाला म्हणतो, आणि तसे पेशंटसुद्धा बहुतेक चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले असतात, बाविशीत म्हणजे इतका दुर्मिळ की अख्खी रेसिडेन्सी संपेल पण दिसायचा नाही. पण आमच्या पुस्तकात गाणी नाहीत ना, मग कोण विश्वास ठेवणार. बरं, दुखणंही नवं नाही, २००४ च्या 'अ मोमेंट टू रिमेंबर' या कोरियन सिनेमातल्या हिरोइनला हेच होतं, पण ती निदान सत्तावीसची होती. आपल्याकडे येईपर्यंत आणखी पाच वर्षं कमी झाली. पुढच्या रिमेकपर्यंत हा आजार पीडियाट्रिक्सकडे, म्हणजे लहान मुलांच्या विभागाकडे जाईल, माझी काही हरकत नाही.

नाकातून रक्त आलं तर ब्रेन ट्यूमरच. नाकात बोट घातलं होतं का असं कुणी विचारलं तर तो घराण्याचा अपमान समजावा.

हिरोला 'नाही' ऐकू येत नसेल तर ईएनटीची ओपीडी शेजारीच आहे.

ट्यूमर निघालाच तर 'क्वीन ऑफ टिअर्स' डोळ्यासमोर ठेवा. २०२४ ची ती सिरीज, सोळा भाग, हिरोइनचं ऑपरेशन थेट जर्मनीत, ऑपरेशनने आठवणी जाणार, लिपस्टिक मात्र जाणार नाही. आम्ही तुम्हाला 'न्यूरोसर्जरीच्या ओपीडीला मंगळवारी या, केसपेपर साडेआठच्या आत काढा' म्हणालो तर नाक मुरडा आणि जर्मनीचं काय ते विचारा.

सलाईनबद्दल मात्र तुमची आणि कोरियाची पत्रिका छत्तीस गुणांनी जुळते. तिकडे हिरोइन कामाने थकून पडली की डायरेक्ट बाटली, आणि हिरो ती संपेपर्यंत उशाशी. आपल्याकडेही 'मॅडम वीकनेस आलाय, एक ताकदीची बाटली लावा ना'. फरक एवढाच की उशाशी बसलेला आपला हिरो बाटली जरा हळू चाललीय म्हणून चाकी स्वतःच फिरवतो आणि मग 'मॅडम रक्त परत नळीत आलंय' म्हणत धावत येतो. फिरवा. तुमचीच चाकी आहे.

डॉक्टर कसे दिसावेत याबद्दलही तुमच्या अपेक्षा रास्त आहेत. एप्रिल २०२५ मध्ये आलेला 'रेसिडेंट प्लेबुक' बघा, शिकाऊ डॉक्टरांवरच आहे, बाळंतपणाच्या विभागातल्या. खरं सांगायचं तर तो मला आवडला, त्यात निदान पोरी चुकतात, रडतात, ओरडा खातात. पण त्यातल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला चौथ्या वर्षाच्या सिनियरवर प्रेम करायला वेळ मिळतो, आणि तो सिनियर कोण, तर तिच्या ताईचा दीर! आपल्या सात वाजताच्या मालिकेने उगाच नावं ठेवून घेतली. आता गंमत अशी की ही सिरीज २०२४ मध्येच यायची होती, ती लांबली कारण फेब्रुवारी २०२४ पासून तिकडचे खरे शिकाऊ डॉक्टर हजारोंनी राजीनामे देऊन घरी बसले होते. सरकारने मेडिकलच्या वर्षाला ३,०५८ जागा होत्या त्यात एकदम २,००० वाढवायचं ठरवलं त्यावरून भांडण पेटलं. संपात कोण बरोबर होतं यावर वाद घाला, पण त्या पोरांना कायद्याने आठवड्याला ८० तास राबवता येतं, त्याचं गाणं कुठल्याच सिरीजमध्ये नाही. आपल्याकडे कागदावर १९९२ पासून आठवड्याचे ४८ तास आहेत, कागद छान आहे, कुठे लावलाय माहीत नाही. त्यामुळे परीटघडीचा पांढरा कोट, धुतलेले केस आणि हळू आवाजात 'काळजी करू नका' म्हणणारा डॉक्टर नाही मिळाला तर लगेच तक्रार पेटीत चिठ्ठी टाका. ती पेटी उघडायलाही रेसिडेंटच पाठवतात.

आता मुख्य सूचना, व्हिडिओची. पहाटे साडेतीनला डॉक्टर बसलेली दिसली की मोबाईल बाहेर काढा. मागच्या इमर्जन्सी ड्युटीला एका सद्गृहस्थांनी हे फार सुंदर करून दाखवलं. मी ड्रेसिंगच्या ट्रॉलीमागे स्टुलावर बसले होते, हातात बिस्किटाचा पुडा, मोबाईल सलाईनच्या बाटलीला टेकवलेला, एका कानात इअरफोन, एकाच कानात कारण दुसऱ्याने मॉनिटर ऐकायचा असतो. समोरच्या बेडवर एक मुलगी, शुगर पाचशेच्या वर, इन्सुलिन चालू, दर तासाला शुगर बघायची, पुढची चारला. म्हणजे मी वाट बघत होते, आणि वाट बघताना डोळा लागू नये म्हणून एपिसोड लावला होता. यांचे पेशंट म्हणजे यांचे काका, ताप, बीपी नाडी सगळं नॉर्मल, गोळी दिलेली, सॅम्पल गेलेलं, रिपोर्ट यायचा होता. साहेबांनी व्हिडिओ काढला, 'पेशंट तडफडतोय आणि डॉक्टर पिक्चर बघतेय' असं वर लिहिलं आणि खाली गाणं कुठलं लावलं तर 'सैयारा'चं टायटल साँग! मागे काका उठून बसून चहात खारी बुडवताना स्वच्छ दिसतायत, पण ते कोण बघतो. तासाभरापूर्वी हाच माणूस मला 'मॅडम तुम्ही त्या कोरियन सिरीजमधल्या डॉक्टरसारख्या दिसता' म्हणाला होता. खाली कॉमेंट्स: हिला सस्पेंड करा, आमच्या टॅक्सवर शिकतात, हिचं तोंड बघा. दुसऱ्या दिवशी मला लेखी खुलासा द्यावा लागला. विषय: कर्तव्यावर असताना मोबाईल पाहणेबाबत. राउंडच्या आधी, उभ्या उभ्या, केसपेपरच्या मागच्या बाजूवर कच्चा खर्डा काढला आणि त्यात 'बिस्किट' या शब्दावर सरांनी लाल गोल केला.

आणि चारला त्या पोरीची शुगर मी बघितली. त्याचा व्हिडिओ नाही.

सूचना बास झाल्या. अरे, जरा तरी लाज वाटू द्या! तीनशे रुपयांचं तिकीट काढून खोट्या आजारासाठी ढसाढसा रडता आणि खऱ्या वॉर्डात येऊन झोपेने तोंड सुजलेल्या पोरीवर कॅमेरा लावता? ड्रामातली डॉक्टर टेबलावर डोकं टेकून झोपली की कुणीतरी हळूच अंगावर कोट टाकतो आणि तुम्ही हार्ट पाठवता. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात आर. जी. कर हॉस्पिटलात एक शिकाऊ डॉक्टर लांबलचक ड्युटीनंतर सेमिनार रूममध्ये झोपायला गेली, तिचं काय झालं ते सगळ्या देशाने वाचलं. तेव्हापासून माझी आई रात्री मेसेज करून विचारते, कुठे झोपलीस, दाराला कडी आहे का. कडी नाहीये. त्याचा काढा ना व्हिडिओ. लिफ्ट बंद म्हणून एक वॉर्डबॉय मामा आणि एक नातेवाईक मिळून ट्रॉली रॅम्पवरून ढकलतात त्याचा काढा. एका बेडवर दोन पेशंट, तिसरा खाली गादीवर, त्याचा काढा. आमच्या कॅज्युअल्टीच्या भिंतीवर बोर्ड आहे, २०१० चा कायदा, डॉक्टरवर हात उचलला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड, त्याच बोर्डाखाली उभं राहून तुम्ही आमच्या अंगावर धावून येता, वाचता येत नाही का? पाच मिनिटं बसले म्हणून मी कामचुकार, आणि तुमचा लाडका हिरो सोळा भागांत एकदाही ऑफिसचं काम करताना दिसत नाही त्याच्यावर तुमचा जीव! एपिसोड मी बघणार. ड्युटीवर बघणार, मॉनिटर ऐकत बघणार, त्या काकांची नाडीसुद्धा बघणार. तुम्ही तो मोबाईल खिशात घाला आणि आधी ब्लड बँकेतून बाटली घेऊन या, अर्धा तास झाला चिठ्ठी हातात देऊन.