कानशीने टोक घासण्याबाबत

एका लेखात म्हटले आहे की, बंदुकीच्या गोळीचे टोक घासून शिसे उघडे केले, की ती लांबच्या पल्ल्यावरही हमखास फुलते, म्हणजे लक्ष्यावर आदळून पसरट होते. हे विधान अर्धवट असून धोकादायक आहे. वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरीला असताना उभी कापलेली लष्करी गोळी मी हातात घेऊन पाहिली आहे: टोकाकडे तांबूस कवच सलग बंद, पण बुडाशी उघडे, आणि तिथून करडे शिसे दिसते. अशा गोळीचे टोकही उघडे केले, तर मागच्या वायूच्या दाबाने शिसे पुढे निसटून रिकामे कवच नळीतच अडकू शकते; पुढचा बार मग नळी फोडतो (आणि कानस चालवणाऱ्याचा हातही). शिवाय गोळी फुलते ती वेगामुळे, आणि अंतर वाढेल तसा वेग घटत जातो. त्यावर कानशीचा इलाज नाही. कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात १८९० च्या दशकात अशा उघड्या टोकाच्या गोळ्या तयार झाल्या, त्यावरूनच ‘दमदम गोळी’ हे नाव पडले, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात त्यांना मनाई केली, याचा लेखात उल्लेखही नाही.