विद्यार्थी प्रतिनिधी व्हा, दोन रंगांची पेनं आणा

जूनमध्ये सर वर्गात येऊन विचारतात, "सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, कोण होणार?" आणि अख्खा वर्ग अचानक वहीत डोकं खुपसतो. तुम्ही मात्र खुशाल हात वर करा. याने नेतृत्वगुण वाढीला लागतात, असं प्रॉस्पेक्टसमध्ये छापलंय.

निवडणुकीचं टेन्शन घेऊ नका, ती होतच नाही. राज्यात १९९४ पासून थेट निवडणुका बंद. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणल्या, म्हणजे कागदावर आणल्या. २०१९ ला तारखा ठरल्या, तर विधानसभा आडवी आली, पाठोपाठ करोना. अठराव्या वर्षी आमदार निवडण्याइतकी अक्कल असते, पण विद्यार्थी परिषदेचा सचिव निवडण्याइतकी नसते. शिवाय निवडून आलेला पोरगा प्रश्न विचारतो. नेमलेला "हो सर" म्हणतो.

विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने उमेदवाराला ७५ टक्के हजेरीची अट घातली होती. प्रतिनिधी झाल्यावर ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून ती कशी टिकवायची, ते तुमचं तुम्ही बघा.

फोन कायम चार्ज ठेवा. रात्री साडेअकराला "उद्या पहिलं लेक्चर आहे का?" येईल. टाइमटेबल टाका. त्याच्याच खाली दुसरा तेच विचारेल.

फ्रेशर्सच्या वर्गणीचा हिशेब मागणाऱ्याने वर्गणी दिलेली नसते.

आणि समित्या! हा खरा मान. महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष-सचिव, वर्षातून किमान चार बैठका, असं कायदा सांगतो. कॉलेजच्या गुणवत्तेवर नजर ठेवणाऱ्या आयक्यूएसीवर विद्यार्थी, रॅगिंगविरोधी समितीवर विद्यार्थी. तुम्हाला बैठकीला बोलावत नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, कॉलेजचं मूल्यांकन करणारं नॅक आलं की बोलावतात. मलाही परवा बोलावलं. टेबलावर रजिस्टरांचा ढीग, खुणेसाठी पिवळ्या चिठ्ठ्या. "इथे, इथे आणि इथे सही कर. एकाच पेनाने नको, निळं-काळं आलटूनपालटून वापर." मी सभेत काय बोलले ते मला तिथे कळलं. "विद्यार्थी प्रतिनिधींनी ग्रंथालयाच्या वेळेबाबत समाधान व्यक्त केले." ग्रंथालय पाचला बंद होतं! ते आठपर्यंत उघडं ठेवा म्हणून दिवाळीआधी अर्ज देणारी मीच! त्यातली एक बैठक तर माझा या कॉलेजात प्रवेश होण्याआधीची, आणि तिथे ठरावाला अनुमोदन माझं. मी सहीखाली त्या दिवसाची तारीख टाकली, तर सरांनी काही न बोलता व्हाइटनर पुढे सरकवला. रजिस्टर मिटलं, तर म्हणाले, "अगं, सर्टिफिकेट देणार आहोत तुला."

तेव्हा सर्टिफिकेटसाठी फोल्डर घेऊन ठेवा. लॅमिनेशनचा खर्च आपला.

नाही, पुरे झाली गंमत. सर, एक खरी बैठक घ्यायला लागतं काय? दहा-बारा खुर्च्या आणि चहा. आम्ही काय कुलगुरूंची खुर्ची मागणार होतो? लायब्ररी उघडी ठेवा, मुलींच्या टॉयलेटला कडी बसवा, फेरतपासणीच्या अर्जाची नोटीस मुदत संपायच्या आत लावा. एवढंही ऐकायचं नसेल तर ऐकू नका, पण न ऐकल्याचं समाधान आमच्या नावावर का खपवता? मुलांना वर्गात कॉपीवर भाषणं देता आणि स्टाफरूममध्ये त्याच मुलांना खोट्या तारखांखाली सह्या करायला बसवता.

आणि माझ्या वर्गातल्या गुणी मंडळींनो, तुम्हालाही सोडणार नाही. लायब्ररीच्या अर्जावर सही मागत मी बाकाबाकापाशी फिरले. "नाव लक्षात ठेवतील गं, इंटर्नलला कापतील." मार्क काय माझे नव्हते? शेवटी अर्जावर माझी आणि मागच्या बाकावरच्या एकाची सही. आणि काल ग्रुपवर तुम्हीच लिहिता, "सीआर काहीच करत नाही." लिहिताना लाज वाटली नाही? अर्ज अजून ऑफिसात पडलाय. जा आणि सह्या करा.